टाकीनंतरचं पहिलं दळण

बाबा, तुमची गिरणी विकली. हे आधीच सांगून टाकते, कारण आडवळणानं सांगितलेलं तुम्हाला चालायचं नाही आणि आडवळणानं सांगणं मला कधी जमलं नाही. खानवेलच्या पुढच्या एका गावातला माणूस टेम्पो घेऊन आला आणि मोटर, पट्टा, दगड, धान्य ओतायचं ते पत्र्याचं नरसाळं, सगळं चढवून घेऊन गेला. जागेत आता मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण येणार आहे. जागा बघायला आला तेव्हा भिंतीवरचा पिठाचा थर नखानं खरवडून मला म्हणाला, "आंटी, ये चूना है क्या?" मी म्हटलं, "नाही, माझे वडील आहेत." त्याला मराठी येत नाही ते बरं झालं.

तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात तुम्हाला पत्र लिहावंसं मला कधी वाटलं नाही. आज लिहायला बसले आहे ते मायेपोटी, असं समजू नका. आपलं एक भांडण राहून गेलंय, ते करायचं आहे. इथं टोकरखाड्यातल्या शेजारणी माझी समजूत घालतात. "आता कोण दळून आणतंय ताई? सगळे पिशवीतलं पीठ घेतात. तुमचा काय दोष?" पिशवीतलं पीठ येऊन कितीतरी वर्षं झाली, तरी आपल्या दारात डब्यांची रांग होती. पिशवीनं गिरणी मारली नाही. ती तुमच्या गप्प बसण्यानं मेली, आणि हे तुमच्या तोंडावर सांगणारं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

गिऱ्हाईक आणावं कसं, हे मात्र तुम्हाला कळत होतं. तेवढं कबूल करते. मी शाळेत होते तेव्हा सिल्वासात कारखाने येऊ लागले होते. मसाटला पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या, नरोलीला लोक गोठे पाडून भाड्याच्या खोल्या बांधत होते, आणि धुळे-नंदुरबारकडून बिऱ्हाडं येऊन उतरत होती. आसपास नवं बिऱ्हाड आलं की तुम्ही मला पितळेची वाटी भरून पीठ घेऊन पाठवायचात. "नव्या घरात पहिल्या दिवशी धान्य असतं, पीठ नसतं," तुम्ही म्हणायचात. "बाई चूल मांडून बसते आणि मग तिच्या लक्षात येतं." गिरणी कुठं आहे ते सांगायचं नाही, कुणी पाठवलं तेही विचारल्याशिवाय सांगायचं नाही. मी नन्सच्या शाळेतली मुलगी. इस्त्रीचा पिनाफोर, पांढरे मोजे, आणि हातात पिठाची वाटी. मागणारीच्या हातात रिकामी वाटी असते, माझ्या हातात भरलेली, पण लाज तेवढीच वाटायची. एकदा मी पाय आपटत विचारलं, नाव न सांगता त्यांना कळणार कसं? तुम्ही हातातलं काम न थांबवता म्हणालात, "वाटी परत करायला येतील ना. तेव्हा बघतील."

आणि यायच्या. गावाकडच्या त्या बाया रिकामी वाटी कधी परत करत नसत. गुळाचा खडा, मूठभर सुक्या मिरच्या, एखादा नागलीचा पापड. वाटी ठेवता ठेवता त्यांचं लक्ष मोटरीकडे जायचं, मग ओळीत लावलेल्या डब्यांकडे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचाही डबा त्या ओळीत यायचा. माझा मुलगा नंतर पेपरात घालून पत्रकं वाटत होता, व्हॉट्सॲपवर ग्रुप काढून रोज सकाळी लोकांना गुलाबाची फुलं पाठवत होता. मी त्याला म्हटलं, फुलं कुणी परत करायला येत नाही. तो हसला. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं, मला काय म्हणायचं होतं ते त्याला कळलं नाही, कारण वाटीची गोष्ट मी त्याला सांगितलीच नव्हती. तुमच्याकडून मी तेच शिकले होते. करायचं, सांगायचं नाही.

आता टाकीकडे येते. गिरणीचे दगड झिजून गुळगुळीत झाले की पीठ नीट होत नाही, तापतं, चिकट येतं. मग दगड उतरवून टोकदार हातोडीनं त्यांना पुन्हा टाके घालायचे. त्याला आपण टाकी लावणं म्हणत होतो. टाकी लावली की दगड धारदार होतो, पण पहिल्या दळणात दगडाचा बारीक चुरा उतरतो. ती कच. पीठ दिसायला पांढरं स्वच्छ, आणि घास घेतला की दाताखाली करकर. दुसरे गिरणीवाले मूठभर कोंडा फिरवून घेत आणि लगेच गिऱ्हाइकाचा डबा ओतत. तुम्हाला ते पटायचं नाही. तुम्ही आधी आपल्या घरचा गव्हाचा डबा दळायचात, अख्खा, आणि ते पीठ घरी आणायचात. आईनं एकदा म्हटलं, निदान गाईला घालू. तुम्ही म्हणालात, "गाईला काय दात नाहीत?" झालं. पुढचे कितीतरी दिवस आपल्या घरात जेवताना कुणी बोलत नसे. बोलायला तोंड थांबवावं लागतं, आणि थांबलं की कच जाणवते. आई पोळी आमटीत बुडवून मऊ करून घ्यायची. तुम्ही कोरडीच खायचात, चेहऱ्यावरची रेघ न हलवता, आणि मी पाणी पिऊन घास ढकलला तर माझ्याकडे बघायचात. मी तुमच्या ताटाकडे बघायची. त्या वयात मी कशाची वाट बघत होते, ते पुढे सांगते.

एक दिवस मला अजून लख्ख दिसतो. मधली सुट्टी आहे. आम्ही शाळेच्या व्हरांड्यात डबे उघडून बसलो आहोत. माझ्या शेजारी मुंबईहून बदली होऊन आलेल्या एका साहेबांची मुलगी आहे, वेण्यांना रिबिनी, डब्यात जॅमचा ब्रेड. मी पोळीचा घास घेते आणि ती मैत्रिणींकडे वळून इंग्रजीत म्हणते, "ऐका, हिचा डबा आवाज करतो." सगळ्या थांबतात, ऐकतात आणि हसतात. शाळेत इंग्रजीतच बोलायचा दंडक होता. पण टाकीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येईना, कचेलाही येईना, म्हणून मी उठून उभी राहिले आणि मराठीतच ओरडले, "तुमच्या पोळीत कच येत नाही, कारण ती आमच्या पोळीत येते. टाकीनंतरचं पहिलं दळण आम्ही घरचे खातो, म्हणून तुम्ही ब्रेडला जॅम लावत बसता." शेवटच्या वाक्याला काही अर्थ नव्हता, पण मला फार बरं वाटलं. मराठीत बोलल्याबद्दल सिस्टरांनी मला उरलेली सुट्टी उभं केलं. ती शिक्षा मी आनंदानं भोगली.

घरची शिक्षा वेगळी होती. त्या मुलींच्या आया आपल्याकडेच दळायला टाकत. दुसऱ्या दिवसापासून एकेक जण डबा ठेवताना विचारू लागली, "आज टाकी लावली आहे का हो?" तुम्ही संध्याकाळी घरी आलात, भुवयांवर पीठ तसंच. मला समोर उभं केलंत. "घरातलं ताट चौकात नेऊन मांडलंस," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, मी खोटं काय बोलले? "खरं बोललीस म्हणूनच. गिऱ्हाइकाला कच कळायला नको, आणि ती आपण खातो हेही कळायला नको. सांगितलं की त्याचा उपकार होतो. उपकार चढलेलं गिऱ्हाईक तोंड चुकवतं आणि दुसरी गिरणी शोधतं." मग तुम्ही कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मीठ हवं असलं तर आईला सांगायचात, आई मला सांगायची, आणि मीठ माझ्याच हाताशी असायचं.

त्या अबोल्यानं मला जे शिकवलं ते पुढं आयुष्यभर पुरलं. लग्न होऊन मी इथंच, दोन गल्ल्यांवर राहिले. तुमचे हात थरथरू लागले तेव्हा तुम्ही एका दुपारी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या मांडीवर ठेवलंत. मुलींना माहेरून काय काय मिळतं. मला टाकीची हातोडी मिळाली. "हात हलका ठेव," एवढंच म्हणालात. तुमच्यानंतर गिरणी मी चालवली. बाई दगडाला टाकी लावते हे बघायला सुरुवातीला लोक उभे राहायचे. मी एकदा म्हटलं, बघायचं तिकीट लावू का, तेव्हा पांगले. डबा बघून बाई ओळखायची, कुणाचं जाड, कुणाचं बारीक, कुणाच्या उपासाच्या पिठात गव्हाचा कणसुद्धा जायला नको, हे सगळं तुमच्यासारखंच केलं. आणि प्रत्येक टाकीनंतर पहिला डबा घरचा ओतला.

एक मात्र तुमच्यासारखं केलं नाही. ते पीठ मी मुलाला घातलं नाही. त्याच्यासाठी वेगळा, स्वच्छ डबा ठेवायची. कचेच्या पोळ्या मी एकटी खायची, तो शाळेत गेला की. पुढं दाढा इतक्या झिजल्या की दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, सुपारी खाता का. मी म्हटलं, गिरणी खाते. आता वरची सगळी कवळी आहे. सांगायचं हे, की माझा मुलगा त्या गिरणीत वाढला आणि त्याला कच म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्याला मी कधी चाखवली नाही, आणि तुमच्या दंडकाप्रमाणे कधी सांगितलीही नाही.

माझ्या गुडघ्यांनी दगा दिल्यावर गिरणी त्याच्याकडे गेली. तो मसाटच्या कारखान्यात सुपरवायझर, पाळी संपवून गिरणीत यायचा. कष्टाळू आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गेल्या वर्षी त्यानं पहिल्यांदा स्वतः टाकी लावली. व्हिडिओ बघून शिकला. छान लावली. मग व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे मूठभर कोंडा फिरवला, आणि समोर जो डबा होता तो ओतला. तो डबा नव्हता, पोती होती. नरोलीत खोल्यांमधल्या कामगारांना जेवण देणारी एक खानावळवाली आहे, शिरपूरकडची. आपलं सगळ्यात मोठं आणि जुनं गिऱ्हाईक. तिची ज्वारी आणि तिचे गहू.

दोन दिवसांनी ती आली. मी योगायोगानं गिरणीत स्टुलावर बसले होते. तिनं पदराखालून एक भाकरी काढली, वजनकाट्यावर ठेवली आणि माझ्या मुलाला म्हणाली, "खाऊन दाखव भाऊ." त्यानं तुकडा तोंडात टाकला आणि त्याचा चेहरा बदलला. "ताई, पहिला लॉट थोडा असा येतो," तो म्हणाला, "मी दुसरं पीठ देतो, सगळं बदलून देतो." तिनं त्याचं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. मग निघून गेली, भाकरी तिथंच काट्यावर ठेवून. मी मुलावर ओरडले. घरचा डबा आधी ओतायचा असतो, हे साधं कळलं नाही? तो शांतपणे म्हणाला, "आई, मला कुणी सांगितलं होतं का?" बाबा, ह्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्या.

नरोलीचे डबे महिन्याभरात निम्म्यावर आले. खानावळवालीचं बघून बाकीच्या बाया गेल्या. मग मीच रिक्षा करून तिच्याकडे गेले, तुमची पितळेची वाटी पिठानं भरून. तिची खानावळ म्हणजे एक लांबट खोली, भिंतीशी ताटांची चळत, चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती. "बसा ताई, चहा टाकते," ती म्हणाली.

"चहा नको. दळण परत दे."

"दळण आता कुठून देऊ माय? ते बघा." कोपऱ्यात नवी मोठी घरघंटी होती. वर कुंकवाची बोटं ओढलेली. "जावयानं आणून दिली. आवाज करते जरा, पन दळते."

"एका चुकीसाठी?"

"चूक कोणाची होत नाही?" ती पळीनं भाजी हलवत राहिली. "दुसऱ्या गिरणीतून कच आली असती ना ताई, तर मी पीठ चाळून घेतलं असतं अन् गप बसले असते. आख्खी दुनिया कच देते. पन तुमच्याकडून आली."

"आम्ही काय सोन्याचे आहोत?"

मी तिची थट्टा करतेय असं तिला वाटलं असावं. पळी खाली ठेवून ती माझ्याकडे वळली. "मी इथं आले तेव्हा ओळखीचं कुत्रं नव्हतं मला. शेजारची काकू म्हणाली, दळण त्याच गिरणीत टाक, तिथं कच घरचे खातात. मी पुढं येईल त्या बाईला हेच सांगितलं. नरोलीत नवं बिऱ्हाड आलं की आम्ही दोन गोष्टी सांगायचो, पानी कधी येतं अन् दळण कुठं टाकायचं. तुम्हाला म्हाईत नव्हतं का?" मी वाटी चुलीशेजारी ठेवली. "आता काय सांगू बायांना? कच आता गिऱ्हाईक खातं म्हनून?"

वाक्य माझं होतं, बाबा. व्हरांड्यात उभं राहून ओरडले होते ते. त्या मुलींच्या आयांकडून ते त्यांच्या कॉलनीत गेलं, कॉलनीतून नरोलीला, एका बाईकडून दुसरीकडे, तुम्ही गेल्यानंतरही, आपल्या दोघांना पत्ता न लागू देता. तुम्हाला वाटलं, आपण गप्प राहिलो म्हणून रांग टिकली. रांग मी बोलले म्हणून टिकली. उपकार कुणाला चढला नाही. उलट त्यांना त्याचा अभिमान होता, आपली गिरणी कोणती ते सांगताना. ज्या तोंडाबद्दल तुम्ही माझ्याशी अबोला धरलात, त्या तोंडानं तुमची गिरणी चालवली, आणि जिथं ते तोंड मी तुमचं ऐकून बंद ठेवलं, म्हणजे माझ्या स्वतःच्या घरात, तिथं ती बुडाली. हे भांडण माझं आहे. ह्यावर तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. काहीच म्हणणार नाही. मीठ मागाल, आईकडे.

निघताना खानावळवालीनं माझी वाटी उचलली. पीठ तिच्या डब्यात ओतलं, वाटी धुतली, पदरानं पुसली, तिच्यात लाल मिरचीची चटणी भरली आणि माझ्या हातात दिली. मी म्हटलं, राहू दे, नंतर आणून दे. ती म्हणाली, "नको ताई. राहिली तर मला यावं लागंल." तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मी आणखी एकदा गेले असते.

गिरणी घेणाऱ्यानं अट घातली होती, दगडांना टाकी लावून हवी. मुलानं लावली, मी स्टुलावर बसून बघितली. हात हलका ठेव, म्हटलं. मग घरातला गव्हाचा डबा मागवला आणि त्याच्यासमोर ओतला. शेवटचं दळण घरचं. संध्याकाळी मी पोळ्या केल्या आणि त्याला वाढल्या. त्यानं पहिला घास घेतला, थांबला, माझ्याकडे बघितलं. "ही ती?" मी हो म्हटलं. तो चावत राहिला. मी समोर बसून माझी पोळी दुधात कुस्करत होते, कवळीचं दुसरं काय करणार, आणि त्याच्या दातांचा आवाज ऐकत होते. तुमच्या दातांचा असाच यायचा. त्यानं ताटातलं सगळं संपवलं. मग मी त्याला सगळं सांगितलं, वाटी, व्हरांडा, अबोला, नरोली. उशिरा सांगितलं. ज्या दिवशी गिरणी उरली नाही त्या दिवशी.

हे पत्र पाठवायचं कुठं हा प्रश्नच नाही. तुमच्या वाटीखाली घालून ठेवीन. चटणी संपली, वाटी रिकामीच आहे. फक्त एक राहिलं. सगळं ऐकून झाल्यावर मुलानं विचारलं, "तू एवढीशी होतीस, तरी आजोबा तुलापण हीच पोळी वाढायचे?" मी म्हटलं, वाढायचे, पण मग माझ्या ताटातली अर्धी पोळी हळूच उचलून स्वतःच्या ताटात घ्यायचे. तुम्ही असं कधी केलं नाहीत, बाबा. एकदाही नाही. मी तुमच्या ताटाकडे बघत त्याचीच वाट बघायची. पण तो इतकं मन लावून ऐकत होता, आणि त्याच्या मनातून तुम्ही उतराल अशी मला भीती वाटली, म्हणून तेवढं मी पदरचं घातलं.